हिरव्या बटाट्याच्या गोळ्या

बटाट्याचे तुकडे उडवणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीत बंदुकीला फारसं काम नाही, सगळी करामत गोळीची. भाच्यासाठी लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून वायरिंगचा २० मिमीचा पांढरा पाईप आणला, त्यातला वीतभर तुकडा करवतीने कापला आणि आत सैल सरकेल अशी एक गोल काठी शोधली. बंदूक तयार. कोकणात बांबूच्या नळीत हिरवी बारीक फळं भरून पोरं जी फटफट उडवतात, तिचीच ही मुंबईतली बहीण.

नळीच्या दोन्ही टोकांना बटाट्याचं बूच, मध्ये कोंडलेली हवा. मागचं बूच काठीने रेटलं की हवा आकसते. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये सांगून ठेवलंय, तापमान तेच असेल तर जागा निम्मी झाल्यावर दाब दुप्पट होतो. पुढच्या बुचाची पकड तेवढ्यात सुटते आणि ‘फट्’. स्प्रेचा वायू लायटरने पेटवून गोळी उडवायचे प्रकार काही जण करतात, ते मी घराच्या दारातही येऊ देणार नाही. हाताच्या जोरावर जेवढं उडेल तेवढं पुरे.

गोळी वेगळी कापावी लागत नाही. चकतीवर नळी उभी धरून दाबली की बूच आपोआप आत बसतं. मात्र नळीची कड बोथट असेल तर बटाटा कापला न जाता फाटतो, म्हणून कड बाहेरच्या बाजूने कानशीने घासून धारदार केली. चकती साधारण १ सेंमी जाड हवी. पातळ केली तर कडेने हवा निसटते, नुसतं फुस्स होतं. फार जाड केली तर भाच्याला रेटता रेटत नाही.

बटाटा ताजा, कडक, रसरशीत हवा. रसामुळे बूच सरकतंही आणि हवाही अडवतं. सुरकुतलेल्या बटाट्यातलं पाणी उडालेलं असतं, त्याचं बूच स्पंजासारखं दबतं. भाजीवाल्याने विचारलं, “भाजीला की वेफर्सला?” बंदुकीला म्हणायची हिंमत झाली नाही. वेफर्सचा बटाटा जरा कोरडा असतो, म्हणून भाजीचा घेतला.

घरी आई कडाडली, “अन्नाशी खेळायचं नाही हं!” तिचं बरोबरच होतं. तोडगा टोपलीतच सापडला. उजेडात राहून हिरवे पडलेले बटाटे. त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं, ते खाऊ नयेत, पण कडक असतात. तेव्हापासून दारूगोळा तोच. खेळून झालं की हात धुवायचे, एवढी अट.

एक युक्ती भाच्याने नाही, मी काढली, हे नोंदवून ठेवतो. काठीला एका टोकाला जाड टेपची मूठ गुंडाळली, अशी की मुठीपुढची काठी नळीपेक्षा बोटभर आखूड राहील. मग मागचं बूच बाहेर न पडता पुढच्या टोकाशी अडतं आणि पुढच्या बारासाठी तेच गोळी होतं. दर वेळी फक्त मागून एक नवीन बूच भरायचं.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मिळाली, ती वाळत घातलेले कपडे उतरल्यावरच उडवायच्या बोलीवर. नेम पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर; माणसाकडे, कबुतराकडे कधीच नाही, आणि डोळ्यांवर चष्मा. खेळ संपला की नळी लगेच पाण्याने धुवावी. आतला स्टार्च वाळला की खळीसारखा चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी बूच मध्येच अडकतं.