हरिपाठापासून टाकळीच्या संगमापर्यंत

पौषात नाशिकची थंडी अंगात शिरते आणि त्र्यंबकला ती दुप्पट वाटते, कारण ब्रह्मगिरी अगदी डोक्यावर उभा. निवृत्तिनाथांची पौष वद्य एकादशीची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. दिंड्या परतल्या होत्या, गाव मोकळं झालं होतं. मला असंच त्र्यंबक हवं होतं. यावेळी देवळं बघायची नव्हती, देवळांत माणसं नाम कसं घेतात ते ऐकायचं होतं.

त्र्यंबकेश्वराच्या रांगेत असतानाच आतून रुद्राचा घोष कानावर येऊ लागला. रुद्र म्हणजे शंकराचं वेदातलं स्तोत्र, त्याचे अकरा अनुवाक, म्हणजे भाग. त्यांचं अकरा वेळा आवर्तन झालं की एकादशिनी, अकरा एकादशिन्यांचा लघुरुद्र आणि अकरा लघुरुद्रांचा महारुद्र. म्हणजे १,३३१ आवर्तनं. आकडे ऐकून छाती दडपते, पण म्हणणाऱ्यांचे चेहरे निवांत होते. स्वर वर जातो, खाली येतो, पुन्हा मधल्या पट्टीवर येऊन टेकतो. मागोमाग येणाऱ्या चमक नावाच्या मंत्रभागात तर माणूस देवाकडे तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर असं एकेक धान्य नाव घेऊन मागतो. वेदमंत्र म्हटला की फक्त मोक्षाचं बोलणं असेल असं वाटणाऱ्याने हे एकदा नीट कान देऊन ऐकावं. मला तो भाग फार आवडतो.

संध्याकाळी निवृत्तिनाथांच्या समाधी मंदिरात गेलो. ज्ञानेश्वरांचे हे थोरले भाऊ आणि गुरूही. याच ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी त्यांना अनुग्रह दिला आणि १२९७ साली त्यांनी समाधी घेतली तीही इथेच. नाथपंथ म्हणजे योग्यांचा, गुहेत बसून ध्यान लावणाऱ्यांचा पंथ. त्याच परंपरेतलं धन निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला दिलं आणि पुढे ते टाळ-मृदंगावर घरोघरी पोचलं. ध्यान आणि नामस्मरण या दोन वेगळ्या वाटा आहेत असं हल्ली सारखं कानावर येतं. त्र्यंबकला उभं राहिलं की ते मनाला पटत नाही.

हरिपाठ सुरू झाला. समोरासमोर दोन रांगा, मधे वीणेकरी. शेजारच्या बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि जादा टाळजोडी हातात दिली. हरिपाठ संपल्यावर त्यांना विचारलं, "बाबा, ध्यानाला वेगळं बसता का कधी?"

"मंग हे काय करतो आपण, माउली?" ते म्हणाले. "टाळ चुकला का समजून घ्यायचं, मन घरी गेलं. परत आणायचं अन् पुढं म्हणायचं."

ध्यानाच्या शिबिरात तासभर ऐकूनही जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते या दोन वाक्यांत शिरलं. दुसऱ्या दिवशी पंचवटीत पोचेपर्यंत तेच घोळत होतं.

काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. काळा दगड रामशेजच्या डोंगरातला. देवळासमोर वेगळा सभामंडप आहे आणि त्यात रामाकडे तोंड करून मारुती उभा. सकाळच्या उन्हात खांबांना टेकून माणसं जपाला बसली होती. एका आजींचा उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या कापडी पिशवीत होता, फक्त तर्जनी बाहेर. जपात तर्जनी मण्याला लागू द्यायची नसते. मधल्या बोटावरून अंगठ्याने एकेक मणी आत ओढायचा. १०८ मणी झाले की मेरुमणी येतो, तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलटं निघायचं. पिशवीवरून हे सगळं कळत होतं. कापड थोडं थांबलं की समजायचं, मेरू आला. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

शास्त्रात जपाचे तीन प्रकार सांगितलेत. मोठ्याने तो वाचिक, ओठांतल्या ओठांत तो उपांशु आणि मनातल्या मनात तो मानस. मानस जप सगळ्यांत श्रेष्ठ मानलाय. माळ पूर्ण झाल्यावर आजी स्वतःच बोलल्या, "आधी मी मोठ्यानं म्हणायचे. सून म्हणाली, आई, बाळ झोपलंय. तेव्हापासून ओठांतच म्हणते." वाचिकातून उपांशूत त्या अशा आल्या.

याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो चालवला. वर्षानुवर्षं माणसं या दाराशी उभी राहिली आणि दार उघडलं नाही. नामाला जात नाही असं संतांनी सांगून तेव्हा शतकं लोटली होती. सभामंडपात शांत बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं. मला तरी ते आठवल्याशिवाय तिथे डोळे मिटता येत नाहीत.

आणखी एक सांगतो. रेकॉर्ड केलेला जप कर्ण्यावर दिवसभर लावून ठेवायची पद्धत आता बऱ्याच देवळांत आलीय. त्याला जप म्हणायला माझं मन घेत नाही. तिथे म्हणणारं कोणी नसतं आणि म्हणणाऱ्यांना मात्र स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

मग टाकळी. नंदिनी, म्हणजेच जुन्या लोकांची नासर्डी, गोदावरीला मिळते तिथलं आगर टाकळी. लग्नाच्या बोहल्यावरून निघालेला जांबचा नारायण नाशिकला आला आणि त्याने इथे बारा वर्षं तप केलं. तेच समर्थ रामदास. पहाटेपासून माध्यान्हीपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जप, मग पंचवटीत माधुकरी. 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप त्यांनी इथे केला, असं परंपरा सांगते.

मठाच्या ओट्यावर बसून मी हिशोब मांडला. तेरा कोटी भागिले बारा वर्षं, म्हणजे दिवसाला तीस हजारांच्या आसपास. साधारण पावणेतीनशे माळा. एका जपाला दीड सेकंद धरला तरी बारा तासांच्या वर जातो. पाण्यात तर ते दुपारपर्यंतच उभे असत. म्हणजे उरलेला जप माधुकरी मागताना, चालताना, आतल्या आत चालू असणार. त्र्यंबकच्या बाबांचं मन परत आणणं आणि हे, यांत मला फक्त प्रमाणाचा फरक दिसतो.

मठात गोमय मारुती आहे, शेणाचा घडवलेला, शेंदूर लावलेला. समर्थांनी स्थापलेला हा पहिला मारुती मानतात. त्यांचे शिष्य उद्धवस्वामी यांनी पुढे हा मठ सांभाळला. संगमाचं पाणी आज कमरेएवढं उतरून उभं राहावं असं राहिलेलं नाही. शहराचं सांडपाणी त्यात येतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटलं.

टाकळीला जायचं असेल तर नाशिकच्या द्वारका चौकातून रिक्षा करा, सकाळीच जा. रामनवमी आणि हनुमान जयंतीला गर्दी असते, एरवी कोणी घाई करत नाही. आपली माळ सोबत न्या आणि एक तरी माळ तिथे बसून पूर्ण करा.