तुम्ही विचारलंत म्हणून : बाजार नेमका कधी बंद करायचा?

कोविडच्या साथीच्या काळातल्या निर्बंधांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘रुग्णालयं भरत होती हे मान्य, पण त्यासाठी हातावर पोट असणाऱ्यांना घरी बसवणं बरोबर होतं का? आणि हे ठरवायचं तरी कशावरून?’ विचारणाऱ्यांत दुकानदार असतात, नर्स असतात, ज्यांच्या घरातलं माणूस बेड न मिळता गेलं असेही असतात. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

माझं उत्तर असं. रोजच्या रुग्णसंख्येवरून बाजार बंद करू नये. ऑक्सिजन किती लागतोय आणि तो किती वेगानं वाढतोय, हे बघून करावा. करायचाच तर लवकर, थोडक्या जागी आणि थोडे दिवस करावा. आणि ज्यांची कमाई थांबवली त्यांचे पैसे आदेशाबरोबर निघावेत. यातली एक गोष्ट सुटली तरी नुकसान दोन्हीकडे होतं.

आधी बेडचा हिशोब बघू. समजा एका तालुक्यात सगळे मिळून २०० ऑक्सिजन बेड आहेत. रोज २० रुग्ण दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी ८ दिवस राहतो. २० गुणिले ८, म्हणजे १६० बेड सतत भरलेले. अजून ४० रिकामे दिसतात, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण रोजचे २० चे २५ झाले की दोनशेच्या दोनशे भरले. किंवा दाखल होणारे वीसच राहिले, पण लोक अंगावर काढून उशिरा आले आणि मुक्काम ८ वरून १० दिवसांवर गेला, तरीही दोनशे भरले. रोज पाच रुग्ण वाढले किंवा मुक्काम दोन दिवस लांबला, इतकंच घडायला लागतं. म्हणून मुक्काम कमी करणं हा बाजाराला हात न लावता बेड मोकळे करण्याचा मार्ग आहे. मे २०२० मध्ये केंद्रानं सौम्य रुग्णांना घरी सोडताना पुन्हा चाचणी करण्याची अट काढली, तेव्हा हेच साधलं. एकाही दुकानाचं शटर त्यासाठी खाली ओढावं लागलं नाही.

आता वेळेचा हिशोब. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ५ दिवस जायचे. दम लागून दाखल व्हायची वेळ येईपर्यंत आणखी सात-आठ दिवस. म्हणजे आज घातलेल्या निर्बंधाचा परिणाम वॉर्डात दोन आठवड्यांनी दिसतो, अतिदक्षता विभागात त्याहून उशिरा. रुग्ण दर १० दिवसांनी दुप्पट होत असतील, तर १४ दिवसांत ते २.६ पट होतात. आज ४० टक्के बेड भरलेले असताना पाऊल उचललं, तरी दोन आठवड्यांनी ते प्रमाण शंभर टक्क्यांच्या पुढे जातं. ६० टक्क्यांपर्यंत वाट पाहिली तर दीडपट रुग्ण दारात उभे असतात. ‘निम्मे बेड रिकामे असताना निर्बंध कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर या गुणाकारात आहे.

महाराष्ट्रानं जून २०२१ मध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर केले, ते याच विचारानं. दोन आकडे धरले होते: शंभर चाचण्यांमागे किती बाधित, आणि ऑक्सिजन बेड किती टक्के भरलेले. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले असले तर पहिला स्तर, जवळपास सगळं मोकळं. बेड ४० टक्क्यांपुढे गेले की तिसरा, ६० च्या पुढे चौथा, ७५ च्या पुढे पाचवा. विचार चांगला होता, पण दोन्ही आकड्यांना गळती होती. बाधितांचं प्रमाण चाचणी कुणाची करता यावर ठरतं. धडधाकट माणसांच्या ढीगभर अँटिजेन चाचण्या केल्या की टक्केवारी आपसूक उतरते. ही फट बुजवायला त्याच महिन्याच्या २५ तारखेच्या आदेशात फक्त आरटी-पीसीआरचं प्रमाण धरायचं ठरलं. बेडच्या टक्केवारीतही तेच. मंगल कार्यालयात शंभर खाटा टाकून त्या यादीत चढवल्या, की भरतीचं प्रमाण कागदावर खाली येतं. पण खाटेशेजारी नर्स हवी. व्हेंटिलेटरवरच्या एका बेडला तीन पाळ्या, सुट्ट्या आणि आजारपण धरून चार-पाच प्रशिक्षित नर्स लागतात. त्या महिन्याभरात तयार होत नाहीत.

म्हणून मला ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यानं ठरवलेलं माप सगळ्यांत प्रामाणिक वाटतं: राज्यात ऑक्सिजनची रोजची गरज ७०० टनांवर गेली की पुन्हा कडक निर्बंध. राज्याची स्वतःची निर्मिती तेव्हा १,२५० ते १,३०० टन होती आणि दुसऱ्या लाटेच्या शिखरावर गरज १,७०० टनांच्या घरात गेली होती. ७०० म्हणजे निर्मितीच्या साधारण निम्म्यावर घंटा वाजवायची, कारण पुढचे दोन आठवडे हातात राहायला हवेत. शिवाय टन वजनकाट्यावर मोजले जातात. टँकर भरून आला आणि रिकामा गेला, मधला फरक खरा. तो आकडा सजवता येत नाही.

एका रुग्णाला किती लागतो, तेही बघा. केंद्र सरकारनं हिशोबासाठी धरलेलं प्रमाण होतं: अतिदक्षतेतल्या रुग्णाला मिनिटाला २४ लिटर, साध्या ऑक्सिजन बेडला १०. दिवसाची मिनिटं १,४४०. साध्या बेडला दिवसाला १४,४०० लिटर, म्हणजे ७ घनमीटरचे दोन जम्बो सिलिंडर. अतिदक्षतेत पाच. शंभर खाटांचं रुग्णालय घ्या, २० अतिदक्षतेतले आणि ८० साधे: रोज २६० च्या वर जम्बो सिलिंडर, किंवा अडीच टन द्रवरूप ऑक्सिजन. सिलिंडरवर चालणाऱ्या रुग्णालयात दर पाच-सहा मिनिटांनी एक रिकामा काढून भरलेला जोडायचा, रात्रभर.

इथेच गोष्टी बिघडतात. टाकीत द्रव भरपूर असतो, पण त्याचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरची क्षमता नेहमीच्या गरजेपुरती असते. दुप्पट खेचलं की त्यावर बर्फाचा थर चढतो आणि पाइपलाइनमधला दाब पडतो. मे २०२१ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजमध्ये पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान रुग्ण दगावत होते आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरनं आणून जोडाव्या लागत, आणि त्या बदलताना दाब पडत होता. म्हणजे ऑक्सिजन संपण्याच्या आधीच व्यवस्था मोडते. ती कुठे मोडेल हे बेडच्या टक्केवारीत दिसत नाही.

राज्याचा एकूण आकडाही जिल्ह्याची ओढाताण झाकतो. १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. भरून नागपूरला पोचायला २३ तारीख उजाडली. देशात ऑक्सिजन होता, पण तो चार दिवसांच्या अंतरावर होता. चार दिवसांत रुग्ण तिसऱ्या हिश्श्यानं वाढलेले असतात.

आता दुसरं पारडं. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. राज्याच्या आर्थिक पाहणीनं २०२०-२१ मध्ये महाराष्ट्राची अर्थव्यवस्था ८ टक्के आकसेल असा अंदाज मांडला होता. शेती वाढली; उद्योग आणि सेवा दोन्ही घसरले. पण हा सगळा तोटा आदेशांच्या खात्यावर टाकणं चूक आहे. रुग्णालयाबाहेर रिक्षात माणसं ताटकळताना दिसली की लोक आदेशाशिवायही बाजारात जात नाहीत. रुग्णालय कोसळणं हाच व्यापाराला बसणारा फटका आहे. त्याचा सरळ पुरावा ऑक्सिजनचाच: मार्च २०२१ अखेर राज्यानं निर्मितीतला ८० टक्के वाटा रुग्णांसाठी राखला आणि उद्योगांना २० उरला. पुढे तोही जवळपास गेला. गॅस कटिंग आणि फॅब्रिकेशनची वर्कशॉप कुठल्याही टाळेबंदीनं नव्हे, सिलिंडर न मिळाल्यानं थांबली.

आणि उलटंही तितकंच खरं आहे, हे डॉक्टरांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी विसरू नये. टाळेबंदीची किंमत फक्त रुपयांत नसते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातलं काम थांबलेलं, गावी जायला गाडी नाही, म्हणून ते भुसावळकडे चालत निघाले होते. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा आणि बाराला अंमल, असा जेमतेम चार तासांचाच अवधी दिला नसता, मजुरांच्या गाड्या आधी सोडल्या असत्या, तर रुग्णालयांवरचा ताण फारसा वाढला नसता. साथ तेव्हा अगदी सुरुवातीला होती. हे मृत्यू निर्बंधांच्या खर्चात मोजलेच पाहिजेत. क्षयरोगाचंही तसंच. २०१९ मध्ये देशात २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाखांची. आजार कमी झाला नव्हता; लोक दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत, आणि तिथली यंत्रणाही कोविडला जुंपलेली होती. हा तोटा बंदीचा धरायचा की ताणाचा? दोन्हींचा आहे.

मग कमी खर्चात जास्त संसर्ग कशानं थांबतो? बंद जागा, गर्दी, तोंडावर मास्क नाही आणि तासन्‌तास बसणं, हे जिथे एकत्र येतं तिथे आधी हात घालावा. मोकळ्या मैदानातला भाजीवाला सगळ्यांत शेवटी. एप्रिल २०२१ मध्ये किराणा-भाजीला सकाळी ७ ते ११ इतकीच मुभा होती. दिवसभर विरळ येणारं गिऱ्हाईक चार तासांत एकमेकांच्या अंगावर आलं. दुकानदाराचा धंदा गेला आणि संसर्गही फार रोखला गेला नसणार. वेळ कमी करण्यापेक्षा वाढवून गर्दी पसरवणं कधीही चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

भरपाईवर जरा थांबतो, कारण सगळ्यांत जास्त कच्चं काम इथे होतं. १४ एप्रिल २०२१ चे निर्बंध १ मेपर्यंतचे म्हणून लागले. सोबत ५,४७६ कोटींची मदत जाहीर झाली, हे चांगलंच झालं. परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम आणि घरेलू कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये; शिधापत्रिकेवर महिनाभर माणशी ३ किलो गहू, २ किलो तांदूळ; शिवभोजन थाळी मोफत. पण निर्बंध तीनदा लांबले आणि टप्प्याटप्प्यानं सूट सुरू झाली ती ७ जूनला. १,५०० रुपये पंधरा दिवसांवर वाटले तर रोजचे शंभर पडतात, चोपन्न दिवसांवर वाटले तर अठ्ठावीसही नाहीत. शिवाय ‘नोंदणीकृत’ या अटीत बिनपरवाना फेरीवाला, दुसऱ्याची रिक्षा पाळीनं चालवणारा, हॉटेलातला वेटर गळतात. ज्याला घरी बसून खायला मिळत नाही तो मागच्या दारानं काम करणारच, आणि मग बंदीचा खर्च होतो पण उपयोग होत नाही. आदेश जितके दिवस लांबेल तितकी रक्कम आपोआप लांबावी, अशी तरतूद आदेशातच हवी. आणि याद्या साथ नसताना करायच्या असतात.

घराच्या खर्चाचाही विचार व्हावा. राज्यानं मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांचे ८० टक्के बेड नियंत्रित दरात आणले: वॉर्डाला दिवसाला ४,०००, अतिदक्षतेला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दहा दिवस व्हेंटिलेटर म्हणजे ९०,०००, त्यावर महागडी औषधं आणि तपासण्या वेगळ्या. दोन महिने दुकान बंद राहिल्यानं बुडालेलं घर आणि एका आजारपणानं बुडालेलं घर, दोन्ही त्याच सावकाराकडे जातात.

योग्य माप धरल्यानं काय होतं, याचं उदाहरण मुंबईतलं आहे. दुसऱ्या लाटेत शहरात दिवसाला सर्वाधिक ११,१६३ रुग्ण सापडले होते, ४ एप्रिल २०२१ ला. ७ जानेवारी २०२२ ला ते २०,९७१ झाले, जवळपास दुप्पट. त्याआधी २० हजारांचा आकडा ओलांडला तर टाळेबंदी, असं महापौरांनी बोलून दाखवलं होतं. आकडा ओलांडला, पण बेड पाचव्या हिश्श्याच्या आसपासच भरलेले होते, बहुतेकांना लक्षणं नव्हती, ऑक्सिजनची गरज वाढत नव्हती. लसीकरण झालेलं होतं आणि विषाणूचा प्रकार बदलला होता. पालिकेनं रुग्णसंख्या बाजूला ठेवून बेड आणि ऑक्सिजन पाहिला आणि शहर बंद केलं नाही. काही दिवसांत लाट उतरली. रुग्णसंख्येला धरून बसले असते, तर लाखो लोकांची रोजी काही कारण नसताना गेली असती.

एका बाबतीत मात्र तेव्हाही हे माप वापरलं नाही. ८ जानेवारीच्या आदेशात राज्यातल्या शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवायचं ठरलं, आणि त्याच आदेशात उपाहारगृहं रात्री दहापर्यंत निम्म्या क्षमतेनं चालू होती. पालकांनी आणि शिक्षकांनी लावून धरल्यावर २४ जानेवारीपासून शाळा उघडायला परवानगी मिळाली. तोपर्यंतच्या जवळजवळ दोन वर्षांतला बहुतेक काळ पहिली-दुसरीच्या मुलांनी वर्गाबाहेरच काढला होता.