शेवटच्या रांगेतून गुहागर: सफारी की स्कॉर्पिओ-एन?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही तेरा जण पुण्याहून गुहागरला, कुलदैवताला, व्याडेश्वराच्या दर्शनाला जाऊन आलो. गाड्या दोन: धाकट्या दिरांची सहा सीटची टाटा सफारी आणि नणंदेची सात सीटची महिंद्रा स्कॉर्पिओ-एन. सहा आणि सात, बरोब्बर तेरा. आमच्या घरी आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गाडी मात्र अजून पाच सीटची, त्यामुळे याच दोनपैकी एक घ्यायची हे वर्षभर घोळतंय. निघण्याआधीच मी सांगून टाकलं होतं, जाताना एकीच्या आणि येताना दुसरीच्या अगदी शेवटच्या रांगेत मीच बसणार. टेस्ट ड्राइव्हला आपल्या हातात स्टिअरिंग येतं, चार किलोमीटरची फेरी होते आणि गाडी आवडते. मागच्या रांगेत बसून घाट उतरून कोण बघतं? आमच्या घरात तर तिथे मुलंच बसणार आहेत.

पहाटे पाचला पहिला प्रश्न सामानाचा. सफारीची तिसरी रांग उभी असली की डिकीत उरते 73 लिटर जागा. आकड्यावरून अंदाज येत नाही म्हणून सांगते: मुलांची दोन दप्तरं आणि पाण्याचा एक कॅन, संपलं. स्कॉर्पिओ-एनचीही गत फारशी वेगळी नाही. तीन रांगांच्या गाडीत सगळी माणसं बसली की सामान बाहेरच राहतं, हे गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने आधी समजून घ्यावं. आम्ही स्कॉर्पिओच्या टपावर कॅरिअर लावलं होतं. नणंदेच्या यजमानांनी बॅगा रचून वर निळी ताडपत्री टाकली, दोरी चारही कोपऱ्यांतून दोनदा फिरवली आणि गाठ मारल्यावर पूर्ण वजन टाकून ओढून पाहिली. परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता, पण गुहागरला बॅगा उघडल्या तेव्हा एक टॉवेलही ओला नव्हता.

जाताना मी सफारीत. पौड, मुळशी मागे पडलं आणि ताम्हिणी सुरू झाला. शेजारी माझा धाकटा, वय सात, त्याला गाडी हमखास लागते. लिंबू, आवळासुपारी, प्लॅस्टिकच्या पिशव्या अशी सगळी तयारी होती. तिसऱ्या रांगेत मांड्यांना सीटचा आधार कमी मिळतो, गुडघे जरा वर येतात. मोठ्या माणसाला दोन तास ठीक, पाच तास नाही. पण त्या रांगेला एसीचे स्वतःचे व्हेंट आहेत आणि पंख्याचं बटणही हाताशी आहे. त्याने खूप फरक पडतो.

त्याहून मोठी गोष्ट मला घाटातच कळली. सहा सीटच्या गाडीत मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या असतात आणि त्यांच्यामध्ये ये-जा करण्याइतकी वाट असते. त्या वाटेतून थेट समोरची काच दिसते, काचेतून रस्ता दिसतो. गाडी लागते ती बरीचशी याचमुळे, की कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण वळतोय आणि डोळ्यांना मात्र समोर सीटची स्थिर पाठ दिसते. दोघांचं जमत नाही आणि पोटात ढवळायला लागतं. धाकटा जरा मधे सरकून, पट्टा लावूनच, समोरचा रस्ता बघत बसला. "आता डावीकडे वळणार, आता उजवीकडे," असं आधीच सांगायला लागला. निजामपूर आलं, माणगाव आलं, पिशवी कोरीच. माझ्या आठवणीत हा त्याचा पहिला कोरडा घाट.

माणगावला चहा झाला. पुढे महाड, पोलादपूर. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो जुना घाट टळतो आणि खेड कधी येतं कळत नाही. चिपळूणहून गुहागर अजून पंचेचाळीसेक किलोमीटर. दुपारी पोचलो.

देवदर्शन झालं, सुरूच्या बनातून समुद्रावर गेलो. दुसऱ्या दिवशी हेदवीला दशभुज गणपती आणि बामणघळ. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन. गाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती आमच्या मुक्कामाच्या घराकडे उतरणारी गल्ली. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधे लाल चिखल आणि चढ असा की चालतानाही पुढे झुकावं लागतं. भावोजींनी सफारी वर रस्त्यालाच लावली आणि ते योग्यच केलं. सफारीची पुढची चाकं ओढतात. चढावर भार मागे सरकतो, मागे माणसं असतील तर आणखी, आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. स्कॉर्पिओ-एनची मागची चाकं ढकलतात, म्हणजे तोच भार तिच्या कामी येतो. नणंदेच्या गाडीत चारही चाकांना ताकद देण्याची सोयही आहे. ती सात माणसांसकट त्या चिखलातून शांतपणे वर आली. नणंदेकडे शेती आहे, बांधापर्यंत जायचं असतं, त्यांनी हीच गाडी का घेतली ते मला त्या गल्लीत पटलं.

परतताना आम्ही मुद्दाम कुंभार्ली घाटाने, कोयनानगर-पाटणवरून आलो आणि मी स्कॉर्पिओच्या मागे. आत जायला मधल्या रांगेची डावी सीट दुमडून उलटावी लागते. त्या सीटवर बाबा होते. कोणालाही मागून उतरायचं झालं की आधी बाबांनी उतरायचं. चिपळूण ते पाटण ते चार वेळा उतरले, एकदाही कुरकुर केली नाही, पण चौथ्या वेळी दाराची कड धरून जरा थांबले. वय 74. ते थांबणं मी विसरणार नाही.

स्कॉर्पिओ-एन वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली गाडी आहे, ट्रकची चेसिस असते तसा तिला पोलादी सांगाडा आहे. म्हणून ती दणकट, आणि म्हणूनच तिचा तळ उंच. सफारीचा सांगाडा आणि बॉडी एकच. स्कॉर्पिओच्या इंजिनिअरांनी मागच्या ॲक्सलवर मेहनत घेतलीये, तो आडवा सरकू नये म्हणून वॅट्स लिंकेज नावाची दांड्यांची जोडणी दिलीये. मोठा खड्डा ती गिळून टाकते. पण ठिगळांच्या रस्त्यावर बारीक हलणं सतत जाणवतं आणि शेवटची रांग मागच्या चाकांवरच असल्याने तिथे सगळ्यात जास्त जाणवतं. टपावर सामान होतं, त्यामुळे वळणावर झुकणंही वाढलं असणार, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. समोर मात्र पाठीच पाठी दिसत होत्या. पोफळी सोडल्यावर मलाच मळमळायला लागलं. हा दोष सात सीटच्या गाडीत मधल्या रांगेत असणाऱ्या सलग बाकाचा आहे, कंपनीचा नाही. स्कॉर्पिओ-एनही सहा सीटची मिळते.

आईंची चाचणी सगळ्यात साधी होती. स्कॉर्पिओत चढताना त्यांना पाट लागायचा. एक हात खांबावरच्या हँडलला, एक माझ्या खांद्यावर, मग उजवा पाय, मग दम. सफारीलाही आधी पाट लावला, पण दुसऱ्या दिवसापासून त्या तो न मागताच बसायला लागल्या. "अगं, ह्यात माझी मी बसले," असं त्या हेदवीला जाताना म्हणाल्या, आवाजात आनंद होता.

राहिली सुरक्षितता. गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांसाठी दोघींनाही पाचपैकी पाच तारे आहेत. मुलांच्या बाबतीत 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला तीन मिळाले, 2023 मध्ये सफारीला पाच. माझी दोन मुलं त्या गाडीत रोज बसणार आहेत. ताकदीचे, मायलेजचे आकडे मी याच्यानंतर वाचते.

घरी आल्यावर ह्यांना मी सांगितलं, सहा सीटची सफारी आणि सोबत टपावर चांगलं कॅरिअर. त्यांचा जीव स्कॉर्पिओच्या उंच सीटवर आणि इंजिनवर जडलाय, ते मला दिसतं. म्हणून येत्या शनिवारी दोन्ही शोरूममध्ये आईंना आणि मुलांना घेऊन जायचं ठरलंय. दोन्हीकडे सहा सीटची गाडी मागायची, गाडी मी चालवणार, आणि ह्यांनी तिसऱ्या रांगेत धाकट्याशेजारी बसून कात्रजचा जुना घाट चढून उतरायचा.