चांगलं का वाईट?

“पोरी, डाक्टर म्हनलं ते चांगलं का वाईट?”

सांगलीत दवाखान्याच्या व्हरांड्यात शेजारच्या आजींनी विचारलं. आजोबांबद्दल ‘क्रिएटिनिन वाढलंय, प्रोग्नोसिस गार्डेड आहे’ असं सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले होते. आजींनी मान डोलावली होती, फाईल पोटाशी घट्ट धरून.

एखाद्या पेशाच्या अशा खास भाषेला इंग्रजीत ‘जार्गन’ म्हणतात. या शब्दाचा जुन्या फ्रेंचमधला अर्थ पाखरांचा किलबिलाट. आवाज कानावर येतो, कळत काहीच नाही. त्यासाठीचा आपला शब्द ‘परिभाषा’. ती मात्र संस्कृत व्याकरणात सूत्रं कशी लावायची हे सांगणारा नियम, म्हणजे अर्थ उलगडून देणारी!

डॉक्टरांना आपसात ती भाषा हवीच, त्यात घोटाळा चालत नाही. पण ‘आजोबांची किडनी नीट काम करत नाहीये, धोका आहे’ एवढं आजींना सांगायला कितीसा वेळ लागतो?