मऊ जेलवर गप्प बसलेल्या पेशी

त्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघायच्या दोन काचा तयार होत्या. दोन्हींवर फुप्फुसातून नुकत्याच वेगळ्या काढलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी, म्हणजे ऊतींचा आधार विणणाऱ्या पेशी, एकाच नळीतल्या. दोन्हींना टीजीएफ-बीटा हे प्रथिन सारख्याच मात्रेत दिलेलं. फरक फक्त पेशींच्या खाली काय आहे याचा. एकीकडे निरोगी फुप्फुसाइतकं, म्हणजे साधारण एक-दोन किलोपास्कल (कडकपणाचं माप) इतकं मऊ जेल. दुसरीकडे फायब्रोसिस झालेल्या, म्हणजे व्रण साचून ताठ झालेल्या फुप्फुसासारखं, कितीतरी पटींनी कडक.

टीजीएफ-बीटा हा व्रण घडवणारा मुख्य संदेश, असंच आम्ही शिकत आलो. त्याच्यामुळे फायब्रोब्लास्टची मायोफायब्रोब्लास्ट होते. ती कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन तयार करते आणि स्नायूसारखी आकसून जखमेच्या कडा जवळ ओढते. गाबियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये भरत्या जखमेतल्या या पेशींचं वर्णन केलं. त्यांची खूण म्हणजे अल्फा-स्मूथ मसल ॲक्टिन. आम्ही ते हिरवं रंगवतो.

कडक जेलवर हिरवे जाड तंतू पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले होते. मऊ जेलची काच लावली, तर जवळजवळ काळोख.

"मॅडम, या मेल्या वाटतं," शेजारी बसलेली विद्यार्थिनी म्हणाली.

मी निळा चॅनल लावला. केंद्रकं व्यवस्थित होती. पेशी जिवंत होत्या, फक्त आखूड, गोलसर. संदेश मिळूनही त्यांनी तो मनावर घेतला नव्हता! मग यॅप प्रथिन पाहिलं. कडक जेलवर ते केंद्रकात गोळा झालेलं, मऊ जेलवर बरंचसं बाहेर पेशीद्रवात. पेशी इंटिग्रिन प्रथिनांनी खालचा आधार पकडून ओढत असते. आधार ताठ असला की आतल्या ॲक्टिनच्या तंतूंवर ताण येतो, यॅप केंद्रकात जातं आणि व्रणाची जनुकं चालू व्हायला मदत करतं. हे वाचलेलं होतं, पण समोर इतकं लख्ख दिसल्यावर मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही.

कारण शरीरात हे चक्र स्वतःलाच पोसतं. तिथं टीजीएफ-बीटा बराचसा पुडीत बांधल्यासारखा, निष्क्रिय असतो. पुडीचं एक टोक पेशीभोवतालच्या तंतूंच्या जाळ्यात अडकलेलं, दुसरं पेशीच्या इंटिग्रिनच्या हातात. जाळं मऊ असेल तर ते ओढीबरोबर सरकतं आणि पुडी उघडत नाही. कोलॅजेन साचून ते ताठ झालं, की तेवढ्याच ओढीनं ती फुटते. म्हणजे जुना व्रण नव्या व्रणाचा संदेश सोडवतो. पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब या औषधांना अमेरिकेत २०१४ मध्ये फुप्फुसाच्या फायब्रोसिससाठी मान्यता मिळाली. ती ऱ्हास मंदावतात, झालेला व्रण पुसत नाहीत.

"मग आधार मऊ केला तर पेशी शांत होतील?" तिनं विचारलं.

प्रश्न अगदी नेमका होता. पण बराच काळ कडक पृष्ठभागावर वाढलेल्या पेशी मऊ जेलवर आणल्या तरी सक्रियपणा सहजी सोडत नाहीत, आणि प्रयोगशाळेतलं नेहमीचं प्लास्टिक तर कुठल्याही व्रणापेक्षा हजारो पटींनी कडक. त्यामुळे संध्याकाळी आम्ही पुढची तुकडी आखली: अर्ध्या पेशी ऊतीतून काढल्या काढल्या थेट मऊ जेलवर, अर्ध्या आधी प्लास्टिकवर वाढवून मग जेलवर, आणि दोन्हींना इंटिग्रिन अडवणारी अँटीबॉडी.