सव्वा तासाचे काउबॉयपट

इंदूरला आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली, की बाबा आणि मी जुने काउबॉयपट लावतो. त्यांतही दिग्दर्शक बड बेटिकर आणि अभिनेते रँडॉल्फ स्कॉट यांनी १९५६ ते १९६० या काळात केलेले सात चित्रपट मला खर्चिक चित्रपटांहून सरस वाटतात. पैसा बेताचा, म्हणून यांतल्या उत्तम चित्रपटांत गाव फारसे दिसतच नाही. कॅलिफोर्नियातील अलाबामा हिल्सचे गोलसर खडक, मोजके घोडेस्वार आणि शेकोटीवरची कॉफी एवढ्यावर जेमतेम सव्वा तासाची गोष्ट उभी राहते. बाबांना स्कॉटची घोड्यावरची ताठ बैठक आवडते. मला मात्र खलनायक अधिक भावतो, कारण त्यालाही स्वतःची जमीन हवी असते, नायकाविषयी आदर असतो, आणि शेवटी दोघे समोरासमोर येतात तेव्हा कोणीच मरू नये असे मनापासून वाटते.