हरिहरचा कडा आणि वैमानिकाचे निकष

प्रवासी विमान चालवणे हा माझा व्यवसाय आणि सह्याद्रीचे कडे चढणे हा माझा ध्यास. नव्या नियमांनुसार वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेल्यापासून नाशिकला घरी येऊन एखादा किल्ला सवडीने करता येतो. या वेळी आम्ही हरिहर किल्ल्याचा स्कॉटिश कडा ठरवला होता. सुमारे 170 मीटर उंचीचा हा कडा ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी 1986 मध्ये सर केला आणि तेव्हापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्र्यंबकच्या पुढे निरगुडपाड्याला गाडी लावून आम्ही पहाटेच निघालो. कड्याखाली पोहोचून दोर, हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) एकमेकांचे तपासत असतानाच वाटाड्या दादांनी वर बोट दाखवले. आमच्या वाटेच्या अगदी जवळ, कपारीत, आग्या मोहोळ लटकत होते. मोहोळ दिसले तर चढाई रद्द, हे आम्ही नाशिकमध्येच ठरवले होते, त्यामुळे कोणीही वाद न घालता दोर पुन्हा गुंडाळला.

ही सवय मला कॉकपिटने लावली. धुक्यात विमान उतरवताना निर्णयाची उंची, उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या सर्वसाधारण पद्धतीत धावपट्टीपासून सुमारे 200 फूट, आधीच निश्चित असते; तिथवर येऊनही धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान तत्काळ वर घ्यायचे असते. त्या क्षणी विचार करत बसायला सवड नसते, म्हणून विचार आधीच उरकून ठेवलेला बरा. शिवाय हाड मोडले, तर वैद्यकीय मंडळ पुन्हा पात्र ठरवेपर्यंत उड्डाण बंद! साहसी खेळ खेळणाऱ्या वैमानिकाला बेफिकीर म्हणणाऱ्यांना हे बंधन ठाऊक नसावे, असे मला नेहमी वाटते.

मग आम्ही पायऱ्यांच्या वाटेने गड चढलो. सुमारे 80 अंशांत, कातळातच खोदलेल्या त्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हाताची बोटे रुतवण्यासाठी खोबण्या आहेत आणि त्या कोरणाऱ्या अनाम कारागिरांविषयी मला नितांत आदर वाटतो. 1818 मध्ये अनेक किल्ल्यांच्या वाटा उद्ध्वस्त करणाऱ्या ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनेही या पायऱ्यांना हात लावला नाही, असे सांगतात. माथ्यावर 3,676 फूट उंची भरते. उड्डाणात केबिनमधली हवा याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे 8,000 फुटांपर्यंतच्या उंचीवर असते तितकी विरळ असते. पण तिथे मी पट्ट्याने खुर्चीला बांधलेलो असतो, इथे मात्र प्रत्येक पायरीचा भार माझ्याच पोटऱ्यांवर आला होता.

मोहोळ तिथून हलले की कळवतो, असे दादांनी उतरताना सांगितले आहे.